लास्ट परेड

थंडीत गाडी सकाळी चालू होत नाही, पण ती बिघडलेली असते आदल्या संध्याकाळी. लडाखकडचे हिवाळे काढून माझ्या हाती लागलेलं पहिलं शहाणपण हे. पुढं जे काही शिकलो ते बहुतेक याच्याच पोटातलं.

मी फौजेत ईएमई, म्हणजे फौजेच्या गाड्या आणि यंत्रं दुरुस्त करणाऱ्या कोअरमध्ये व्हेईकल मेकॅनिक होतो. सातारा जिल्ह्यातल्या आमच्या भागात फौज नवी नाही. घरटी एखादा माणूस तरी वर्दीत असतोच, फक्त तो बहुधा पायदळात असतो. माझ्या वाट्याला बंदुकीपेक्षा पाना जास्त आला. ट्रेनिंग सिकंदराबादला झालं आणि पोस्टिंग मिळालं कारगिलच्या बाजूला. आमच्याकडं पारा दहावर आला की गल्लोगल्ली शेकोट्या पेटतात. द्रासला जानेवारीत उणे वीसच्या खाली गेलेल्या पाऱ्याची कुणी चर्चाही करत नाही.

फौजेत ड्रायव्हरनं गाडीची तपासणी दिवसातून तीन वेळा करायची असते. निघण्याआधी फर्स्ट परेड, वाटेत थांबल्यावर हॉल्ट परेड आणि दिवस संपताना लास्ट परेड. मैदानी मुलखात लास्ट परेड म्हणजे दमलेल्या माणसानं जेवणाच्या शिट्टीआधी उरकून टाकायचं काम. आमचे उस्ताद कांगड्याकडचे हवालदार होते. पहिल्याच आठवड्यात त्यांनी आम्हा नव्या पोरांना एमटी पार्कात, म्हणजे गाड्या लावायच्या जागेत, उभं केलं आणि सांगितलं, "बेटा, यहाँ फर्स्ट परेड शाम को होती है."

त्याचा अर्थ पार्कातच कळत गेला. संध्याकाळी गाडी आली की डिझेलची टाकी काठोकाठ भरायची. टाकी अर्धी असली तर वरच्या मोकळ्या जागेतल्या हवेतली वाफ रात्री पाणी होऊन डिझेलमध्ये उतरते, आणि ते पाणी पुढं कुठंतरी गोठतं. एअर ब्रेकच्या टाक्यांचे ड्रेन कॉक गाडी गरम असतानाच उघडायचे, कारण त्यातलं पाणी एकदा गोठलं की कॉक उघडूनही बाहेर येत नाही. हँडब्रेक ओढायचा नाही. गाडी गिअरमध्ये ठेवायची आणि चाकांना लाकडी ठोकळे लावायचे. चाकं चिखलात किंवा ओल्या बर्फात उभी करायची नाहीत, खाली फळ्या टाकायच्या, नाहीतर सकाळी टायर जमिनीला धरलेले असतात. वायपर काचेवरून उचलून ठेवायचे. रेडिएटरच्या तोंडावर ताडपत्री बांधायची. आणि शेवटी, सकाळचं पहिलं ऊन जिथून येतं त्या बाजूला इंजिनाचं तोंड करून गाडी लावायची. हे शेवटचं कुठल्याही पुस्तकात मी वाचलेलं नाही. पण त्या उन्हाच्या अर्ध्या तासानं जेवढ्या गाड्या चालू केल्या, तेवढ्या आम्ही मेकॅनिकांनी केल्या नसतील.

बॅटरीचं गणित तर आम्हाला तोंडपाठ होतं. पूर्ण चार्ज असलेल्या बॅटरीतलं आम्ल उणे पन्नासपर्यंतही गोठत नाही. तीच बॅटरी उतरलेली असेल तर उणे दहाच्या आसपासच आत बर्फ होतो आणि पेटी तडकते. म्हणजे गाडी चालू होत नाही म्हणून जो सेल्फ मारत सुटतो, तो नुसती बॅटरी उतरवत नाही, रात्रीपर्यंत तिचा जीव घेण्याची तजवीज करतो. दहा सेकंद सेल्फ, मग थांबायचं, मग पुन्हा दहा सेकंद. तिसऱ्या खेपेला चालू झाली नाही तर हात खिशात घालायचे आणि डोकं चालवायचं, असा उस्तादांचा हुकूम होता.

कूलंटनं मात्र माझ्या डोक्यातला सरळ हिशोब मोडला. अँटिफ्रीझ आणि पाणी निम्मं-निम्मं असेल तर मिश्रण उणे सदतीसपर्यंत टिकतं. मग नुसतंच अँटिफ्रीझ भरलं तर आणखी चांगलं, असं कुणालाही वाटेल, आणि कित्येक ड्रायव्हरांना वाटायचंही. प्रत्यक्षात शुद्ध इथिलीन ग्लायकॉल उणे तेराच्या सुमारास गोठायला लागतं. पाण्यानं ग्लायकॉल तगतं आणि ग्लायकॉलनं पाणी. थंडीशी ताकदीनं भांडता येत नाही, प्रमाण सांभाळावं लागतं, हे मला त्या रेडिएटरनं शिकवलं.

नोव्हेंबरचा महिना म्हणजे आमची सुगी. झोजिला बंद व्हायच्या आत पलीकडच्या लोकांसाठी हिवाळ्याचा साठा वर न्यायचा असतो. गाड्यांची रांग सोनमर्गहून चढते, खिंड ओलांडून गुमरी, मीनामर्ग, मटायन करत द्रासला उतरते. खिंड साधारण साडेअकरा हजार फुटांवर आहे. लडाखमधल्या दुसऱ्या खिंडींच्या मानानं ही उंची काहीच नाही, पण बर्फ आणि हिमकडे यांच्या बाबतीत हिची बरोबरी त्या करत नाहीत.

अशाच एका रांगेत एक गाडी मीनामर्गच्या पुढं बंद पडली. आम्ही रिकव्हरी घेऊन मागून येत होतो. ड्रायव्हर कोवळा पोरगा होता. त्याचं म्हणणं, गाडीनं एअर पकडली आहे. तो बोनेट उघडून हँड प्रायमर मारत होता, एअर काढत होता. गाडी चालू व्हायची, दोन मिनिटं हळू चालायची आणि रेस दिली की मरायची. पुन्हा तेच. उस्तादांनी त्याला बाजूला केलं आणि एकच प्रश्न विचारला, डिझेल कुठं भरलं? पोरानं सांगितलं, खाली, जम्मूच्या बाजूला. उस्तादांनी डिझेल फिल्टर खोलून त्याच्या हातात दिला. आत पांढरट गाळ होता. आपल्याकडं डिसेंबरात खोबरेल तेल बाटलीत थिजतं, तसं डिझेलमधलं मेण थिजून बसलं होतं. इंजिनाला थेंब-थेंब मिळत होतं तोवर ते चालत होतं, जास्त मागितलं की उपाशी पडत होतं. पोराचे कष्ट खरे होते, निदान चुकलं होतं, आणि त्या निदानापायी तो तासभर वाऱ्यात उभा होता.

आम्ही नवा फिल्टर बसवला, पाइपांवर कापड गुंडाळून त्यावर गरम पाणी ओतलं, टाकीत वरचं हिवाळी डिझेल मिसळलं. गाडी निघाली. तेव्हापासून थंडीत बंद पडलेल्या गाडीपाशी गेलो की मी बोनेटच्या आधी तोंड उघडतो. कुठं भरलं, काल कुठं लावली होती, किती वेळ उभी होती, सकाळी कशी चालू झाली. गाडीचा कालचा दिवस कळला की आजचा बिघाड निम्मा सापडलेला असतो.

हातांविषयी वेगळं सांगायला हवं, कारण मेकॅनिकचं हत्यार तेच. उणे वीसला उघड्या बोटानं लोखंडाला हात लावला तर कातडी चिकटते आणि सोलून निघते. त्याहून वाईट म्हणजे डिझेल. पाणी गोठून थांबतं, हिवाळी डिझेल त्या तापमानाला पातळ राहून बोटावर पसरतं आणि उष्णता ओढून घेतं. फिल्टर बदलताना हातमोजा भिजला आणि तो तसाच राहू दिला तर संध्याकाळी बोटं पांढरी पडतात. म्हणून फिल्टरच्या कामाला आम्ही हातमोज्यांचे जादा जोड अंगाजवळ, कोटाच्या आत ठेवायचो. मोजे घालून बारीक नट धरता येत नाही, मोजे काढून बोट टिकत नाही. मग काम वाटून घ्यायचं. एकानं मिनिटभर उघड्या हातानं करायचं, तेवढ्यात दुसऱ्यानं हात बगलेत घालून गरम करायचे. साताऱ्यात वीस मिनिटांचं काम तिथं दीड तास खातं, आणि त्यात कुणाचा आळस नसतो.

उंची डोक्यावरही बसते. नव्या माणसाला फौज थेट वर पाठवत नाही. नऊ ते बारा हजार फुटांसाठी सहा दिवस, त्यावर पंधरा हजारांपर्यंत चार आणि त्याहून वर जायचं तर आणखी चार दिवस शरीराला सवय करावी लागते. सवय झाली तरी बुद्धी खाली असते तेवढी वर चालत नाही. खोललेले नट कुठं ठेवले ते आठवत नाही. एकच बोल्ट दोनदा आवळला जातो आणि शेजारचा राहून जातो. त्यामुळं आमच्यात बोलून काम करायची रीत होती. "ड्रेन कॉक बंद," म्हणायचं, दुसऱ्यानं बघून "बंद" म्हणायचं. बाहेरच्याला तो पोरखेळ वाटला असता.

खार्दुंग ला खिंडीवर 18,380 फुटांची पाटी प्रसिद्ध आहे. नंतरच्या मोजण्यांत ती उंची साडेसतरा हजारांच्या आसपास भरली. इंजिनाला या वादाचं सोयरसुतक नाही. त्याला तिथं समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या जवळपास हवा मिळते, ताकद पडते आणि धूर काळा होतो. लेहहून साउथ पुल्लू, मग खिंड, मग पलीकडं नॉर्थ पुल्लू असा तो रस्ता. एकदा समोरून येणाऱ्या गाड्यांना वाट द्यायला आमची रांग माथ्यावर अर्धा तास थांबली. पुढच्या एका ड्रायव्हरनं सवयीनं हँडब्रेक ओढला. निघायची वेळ झाली तेव्हा मागची चाकं फिरेनात. त्यानं ॲक्सिलरेटर दिला तशी गाडी सरकली, पण चाकं न फिरता, बर्फावरून फरपटत. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काही नाही. अशा वेळी गाडी सरकते आहे याचाच माणसाला आनंद होतो. धोका नेमका तिथं असतो. जाम झालेलं चाक बर्फावर धरत नाही आणि वळतही नाही.

त्याला थांबवून आधी चारही बाजूंना ठोकळे घातले. ब्रेकचे शू ड्रमला धरले होते. घाईत एकजण किटलीतलं गरम पाणी घेऊन ड्रमवर ओतायला निघाला. ते कधीही करू नये. तापलेल्या पाण्यानं गार ड्रम तडकू शकतो, आणि न तडकला तर तेच पाणी आत शिरून पाच मिनिटांत पुन्हा गोठतं. आम्ही एअर टँक रिकामा केला, हवा पुन्हा भरू दिली, ड्रमला बाहेरून हातोडीनं हलके ठोके दिले आणि गाडी हात-दोन हात मागं-पुढं केली. शू सुटले. मग उतार सुरू व्हायच्या आधी, सपाटीवरच, चाकांना चेन बांधल्या. चेन घसरल्यावर बांधायची नसते. घसरलेल्या गाडीच्या चाकाशी वाकून बसणं हा त्या रस्त्यावरचा सगळ्यात वाईट धंदा.

माझ्या नोकरीला वळण देणारी गोष्ट मात्र यापैकी कुठलीच नाही. तो प्रसंग झोजिलाच्या अलीकडचा. एका गाडीचा हाफ शाफ्ट तुटला. चाक बर्फात गरागरा फिरत होतं, अचानक खाली दगड लागला, चाकानं धरलं आणि शाफ्टनं मान टाकली. हा नेहमीचा बिघाड. आमच्याकडं दुसरा शाफ्ट होता, हत्यारं होती, माणसं होती. मी मनात हिशोब केला. दुपारचे तीन, कामाला तीन तास. वारा उठला होता आणि वरच्या उतारावर दोन दिवसांचा ताजा बर्फ होता. गाडी भरलेली होती. मी जॅक काढायला लागलो तेव्हा उस्ताद म्हणाले, "रहने दे. गाड़ी छोड़ेंगे."

फौजेत गाडी रस्त्यात सोडणं ही साधी बाब नाही. विचारणा होते, लेखी द्यावं लागतं, आणि मेकॅनिक हजर असताना गाडी का सोडली हा प्रश्न हमखास येतो. उस्तादांनी ते सगळं अंगावर घेतलं. गाडी टोचन करून डोंगराच्या बाजूला घेतली. दोन्ही बॅटऱ्या काढून रिकव्हरीत ठेवल्या, म्हणजे रात्री त्या गरम खोलीत राहतील. गिअर टाकला, ठोकळे लावले, हँडब्रेक सोडला. बर्फात गाडी बुजली तर पहाटे डोझरवाल्याला दिसावी म्हणून टपाच्या वर जाईल असा बांबू उभा बांधून त्याला लाल फडकं लावलं. टीसीपीवर, म्हणजे ट्रॅफिक कंट्रोल पोस्टवर, जागा नोंदवली. सगळी माणसं मोजून दोन गाड्यांत बसवली आणि आम्ही खाली उतरलो.

त्या रात्री काहीही झालं नाही. हिमकडा कोसळला नाही, गाडी बुजली नाही. दुसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं, आणि आम्ही वाऱ्याविना, भरल्या पोटी, ठरल्या वेळेच्या आत शाफ्ट बदलला. गाडी कालच निघाली असती, असं कुणीतरी म्हणालंच. मलाही तसं वाटून गेलं, आणि मी उस्तादांना विचारलं. ते म्हणाले ते मी मराठीत सांगतो. बरोबर ठरलेल्या निर्णयाचा पुरावा राहत नाही. जे घडलं नाही ते दाखवणार कसं? पुरावा राहतो तो फक्त चुकलेल्याचा.

तोवर मला वाटायचं, चांगला मेकॅनिक म्हणजे जो कसल्याही हवेत गाडी काढतो. पार्कात रात्री ज्या गोष्टी रंगायच्या त्याही तशाच असायच्या. कुणी वादळात फीड पंप कसा खोलला, कुणी पट्ट्यानं काय बांधून गाडी आणली. उस्तादांकडं सांगण्यासारखी एकही गोष्ट नव्हती, कारण त्यांच्या गाड्या बंद पडायच्या नाहीत, आणि पडल्या तर माणसं घरी आलेली असायची. त्या दिवसानंतर मी लास्ट परेडला ओरडा खायच्या भीतीनं उभा राहिलो नाही, स्वतःहून उभा राहिलो.

सिव्हिलियन ट्रकवाल्यांकडूनही मी पुष्कळ शिकलो. त्यांच्याकडं आमच्यासारखं हिवाळी डिझेल नसायचं. ते डिझेलमध्ये रॉकेल मिसळायचे, पहाटे पत्र्याच्या डब्यात आग करून टाकीखाली नि इंजिनाच्या चेंबरखाली ठेवायचे. ते बघताना माझ्या पोटात गोळा यायचा, पण गाडीच ज्यांचं घर आणि भाकरी, त्यांना मी काय नियम सांगणार? त्यांचा एक नियम मात्र आमच्या पुस्तकात हवा होता. बंद गाडीपाशी प्रत्येकजण थांबतो. काच खाली करून "जुले" म्हणतो, काय हवं ते विचारतो, आणि काही देता आलं नाही तर पुढच्या चौकीवर निरोप देतो. रस्ता मोकळा करणारे बॉर्डर रोड्सचे लोकही तसेच. त्यांच्यातले कितीतरी मजूर झारखंडच्या दुमका भागातले, म्हणजे माझ्यासारखेच उष्ण मुलखातून आलेले. फावडं मारून दमलेला त्यांच्यातला एखादा माणूस आमच्या गाडीच्या सायलेन्सरभोवतीचा बर्फ न सांगता बाजूला करून जायचा. इंजिन चालू ठेवून, काचा लावून बसलेल्या माणसाला गाडलेल्या सायलेन्सरचा धूर झोपेतच मारतो, हे त्याला कुणी वर्गात शिकवलेलं नव्हतं.

आता पुष्कळ बदललं आहे. 2019च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलनं लडाखसाठी उणे 33 अंशांपर्यंत प्रवाही राहणारं डिझेल आणलं, त्यामुळं सर्वसामान्यांनाही ते पंपावर मिळू लागलं. 2020मध्ये रोहतांगखालचा 9 किलोमीटरचा अटल बोगदा खुला झाला, 2025च्या जानेवारीत सोनमर्गचा झाला, आणि झोजिलाखालून बोगदा खोदला जातो आहे. तो झाला की माझ्या आठवणींतला अर्धा रस्ता डोंगराच्या पोटात जाईल. मला त्याचं वाईट वाटत नाही. त्या रस्त्यानं माणसं घेतली आहेत.

गाड्याही बदलल्या. निवृत्तीनंतर मी साताऱ्याजवळ हायवेला गॅरेज टाकलं. दरवर्षी पुण्या-कोल्हापूरकडची मंडळी लेहला जाण्याआधी गाडी दाखवायला आणतात. पूर्वीचे उपाय आता चालत नाहीत, हे मी त्यांना आधी सांगतो. आजच्या डिझेल इंजिनात रॉकेल घातलं तर पंप आणि इंजेक्टर कोरडे पडून झिजतात, आणि ते बदलायचा खर्च ऐकून माणूस खाली बसतो. नव्या गाड्यांत धूर साफ करायला जे युरियाचं द्रावण भरतात, ते उणे अकराला गोठतं, तेव्हा त्याचा दिवा लागला म्हणून घाबरून सेन्सर उपटू नका. रेडिएटरमध्ये वर्षानुवर्षं नळाचं पाणी भरलेलं असतं, ते काढून बरोबर प्रमाणात कूलंट भरतो. बॅटरी तपासतो, जुनी असेल तर बदलायला लावतो. डिझेल फिल्टर नवा घालतो आणि एक जादा देतो, सोबत तो खोलायचा पाना. चेन देतो आणि इथंच, माझ्या दारात, त्यांच्या हातानं दोनदा बांधून घेतो. शेवटी सांगतो की दुपारी दोननंतर कुठलीही खिंड चढायला लागू नका. दिवसा वितळून रस्त्यावर आलेलं नाल्याचं पाणी संध्याकाळी गोठतं, आणि तो निसरडा थर हेडलाइटच्या उजेडात नुसता ओला रस्ता वाटतो.

बिल बघून गिऱ्हाईक कुरकुरतं. एवढं सगळं लागतं का, असं विचारतं. मी घासाघीस करत नाही आणि भीतीही घालत नाही. महिन्याभरानं तीच मंडळी परत येतात, आणि बऱ्याचदा तक्रार घेऊनच येतात. चेन पिशवीतून बाहेर काढली नाही, जादा फिल्टर तसाच आहे, एकदा हवा बिघडली म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलो, पण नंतर कळलं की वर काहीच झालं नव्हतं, उगीच एक दिवस वाया गेला. मी फिल्टर परत घेतो आणि त्याचे पैसे देतो. चेनही घेतो, पुढच्या गिऱ्हाइकाला उपयोगी पडते. वाया गेलेल्या दिवसाचं मात्र अभिनंदन करतो. ते त्यांना थट्टा वाटतं. मी ते अगदी मनापासून करतो.